पंगतीच्या कडेचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जमशेदपूर येथे भरलेल्या जुन्या कौटुंबिक छायाचित्रांच्या प्रदर्शनप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घरोघरची जुनी छायाचित्रे मागवावीत आणि त्यांतील निवडक चित्रांचे प्रदर्शन भरवावे, असे कार्यकारिणीने ठरवले व ते काम आम्हां तिघांवर सोपवले. तिघांपैकी दोघांचा जन्म याच गावातला आणि एक येथे सून म्हणून आलेली. तेव्हा माणसे ओळखण्यास फारशी अडचण पडणार नाही, असा कार्यकारिणीचा हिशेब असावा. त्या कामातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवण्यासाठी आज आम्ही उभे आहोत. बोलणारा एक असला तरी बोलणे तिघांचे आहे, हे प्रारंभीच सांगतो.

आमची अपेक्षा अशी होती की गणेशोत्सवातील नाटके, हळदीकुंकवाचे समारंभ, क्रिकेटचे सामने आणि पाहुण्यांचे सत्कार यांचीच चित्रे प्रामुख्याने येतील. तीही आली. परंतु ट्रंकांतून, बिस्किटांच्या डब्यांतून आणि काळ्या पानांच्या आल्बमांतून जे बाहेर पडले त्यात सर्वांत मोठा वाटा पंगतींचा निघाला. पाडव्याचे जेवण, भाऊबीजेचे जेवण, गौरींचा नैवेद्य, होळीची पुरणपोळी आणि नरकचतुर्दशीचा फराळ. घर बदलते, माणसे बदलतात. मांडणी मात्र तीच. पाटांची ओळ, ताटांभोवती रांगोळी, समोर उदबत्ती, आणि हात मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे पाहणारी माणसे. पहिल्या दिवशी आम्हांला नुसते कौतुक वाटले. पुढे पुढे प्रश्न पडू लागले. ते प्रश्न आणि त्यांची मिळाली तेवढी उत्तरे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पहिला प्रश्न असा की जेवणाचीच चित्रे इतकी का? आजच्या मुलामुलींना हे सांगावे लागेल की छायाचित्र काढणे ही त्या काळी खर्चाची बाब होती. साठ आणि सत्तरच्या दशकांत आपल्यापैकी अनेक घरांत बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. त्यात घालायच्या एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. रोल विकत घ्यायचा, धुवायला द्यायचा, प्रती काढून घ्यायच्या. प्रत्येक पायरीला पैसे मोजायचे. त्यामुळे एक रोल गणपतीत घातला तर तो दिवाळीला अर्धा होई आणि संक्रांतीला संपे. एकाच रोलवर गौरींची आरास, दिवाळीची पंगत आणि मुलाचे बोरनहाण अशी चार-पाच महिन्यांची कुटुंबकथा सापडते. अशा बारांतले एक चित्र ज्या प्रसंगावर खर्च केले, तो प्रसंग त्या घराला किती मोलाचा वाटत असेल याचा अंदाज करता येतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. त्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे. आपल्या क्वार्टरांतील स्वयंपाकघरे आणि आतल्या खोल्या अंधाऱ्या. फ्लॅशचा दिवा एकदा उडाला की टाकून द्यावा लागे, म्हणून तो चैनीत गणला जाई. मग पंगत अंगणात किंवा व्हरांड्यात मांडायची. नरकचतुर्दशीचा फराळ वास्तविक अभ्यंगस्नानानंतर पहाटे, पणत्यांच्या उजेडात व्हायचा. परंतु आमच्याकडे आलेल्या फराळाच्या बहुतेक चित्रांत चांगले ऊन पडलेले आहे आणि मुलांनी डोळे बारीक केले आहेत. एका ज्येष्ठ भगिनींनी त्याचा उलगडा केला. फराळ पहाटेच झालेला असे. सूर्य वर आला की ताटे पुन्हा मांडायची, मुलांना नव्या कपड्यांत पुन्हा बसवायचे आणि चित्र काढायचे. म्हणजे चित्रात दिसतो तो फराळ बहुधा दुसरा फराळ आहे. मुलांची त्याला हरकत नसे.

जेवणाच्या चित्रांत आणखी एक गंमत आहे. त्यांत कोणीही जेवत नाही. घास तोंडात असताना चित्र चांगले येत नाही, म्हणून सारी माणसे थांबलेली. वरणभातावरचे तूप थिजू लागलेले, श्लोक म्हणून झालेला, पोटात भूक, आणि कॅमेरेवाला अजून दोन पावले मागे सरकतो आहे. त्या चेहऱ्यांवरचे गांभीर्य पाहून कोणी असे समजू नये की मागची पिढी फार कठोर होती. ती भुकेलेली होती.

आता ताटाकडे येऊ. काळ्यापांढऱ्या चित्रात रंग नसले तरी ताट वाचता येते, कारण आपल्याकडे ताट वाढण्याला व्याकरण आहे. वर मधोमध मीठ. डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या, उसळ, वाटीत आमटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. वाढणाऱ्याने क्रम चुकवला तर शेवटच्या पाटावरचे आजोबा कान धरीत. या व्याकरणामुळेच पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चित्रातले डावीकडचे दोन ठिपके ही खोबऱ्याची चटणी आणि पेरूची कोशिंबीर, इतके नेमके आमच्या आया सांगू शकल्या. अगदी जुन्या चित्रांत पितळेची कल्हई केलेली ताटे आहेत. हळूहळू ती स्टेनलेस स्टीलची होतात. सणाच्या पंगतीला केळीचे पान मात्र मधूनमधून परतून येते. कोपऱ्यात ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डालड्याचा डबा दिसतो. तूप महाग असल्याने चकली आणि शंकरपाळे त्यात तळले जात, आणि रिकाम्या डब्यात पुढे तुळस लागे.

या ताटातून आपल्या स्थलांतराचा इतिहासही थोडा वाचता येतो. १९०७ साली टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीची स्थापना झाली, १९१२ साली येथे पहिले पोलाद तयार झाले आणि १९१९ साली साकची या गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले. त्यानंतरच्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, त्यांत आपलीही. कोणी रत्नागिरीहून, कोणी साताऱ्याहून, कोणी नागपूर-अमरावतीहून. गावाकडे एकमेकांच्या घरी जेवण्याचा योग ज्यांना क्वचित आला असता, ती कुटुंबे येथे एका व्हरांड्यात एका ओळीत बसली. कोकणातल्या सुनेने वऱ्हाडी शेजारणीकडून भाजीत तिखट किती घालायचे ते शिकून घेतले, आणि वऱ्हाडी शेजारणीने नारळ किती आवरायचा हे तिला कधीच पटवून देता आले नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा या मापांत सांगितलेल्या त्या पाककृतींनी, सासू-आई हजार मैलांवर असलेल्या मुलींना मोठाच आधार दिला. एका चित्रात खिडकीच्या कट्ट्यावर पालथे ठेवलेले पुस्तक आहे. ते तेच असावे, असे आम्हां तिघांपैकी सूनबाईंचे ठाम मत आहे.

साहित्य मिळण्याची अडचण होतीच. आंबेमोहर तांदूळ येथे मिळत नसे, म्हणून मोदकांच्या उकडीला बंगाली गोविंदभोग घेतला. चिवड्याचे पातळ पोहे, थालिपिठाची भाजणी, आमसुले आणि गोडा मसाला सुट्टीहून परतताना ट्रंकेतून यायचा. हावडा-मुंबई मेल हीच अनेक वर्षे आपली जीवनवाहिनी होती. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७ मध्ये, हावडा आणि मुंबई यांना जोडणारी एकाच वर्गाची गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली आणि टाटानगरच्या फलाटावर भाजणीचे डबे उतरवणाऱ्या आपल्या माणसांची एक नवी पिढी तयार झाली. साखर रेशनवर असे. सणासाठी जादा साखर केव्हा मिळणार यावर लाडवांची संख्या अवलंबून राही. ही साखर पुढे आपल्या विषयात पुन्हा येणार आहे, म्हणून तिचा उल्लेख येथे करून ठेवतो.

चित्रांत सर्वच माणसे मराठी नाहीत, हेही ध्यानात आले. भाऊबीजेच्या कितीतरी चित्रांत पाटावर बसलेला भाऊ शेजारचा बंगाली मुलगा आहे. ज्या दिवशी आपली भाऊबीज त्याच दिवशी त्यांचा भाईफोटा. त्याच्या बहिणीने त्याच्या कपाळाला चंदन लावून झाले की तो आपल्याकडे ओवाळून घ्यायला येई. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे अशी आपली रीत आहे. ज्यांचे भाऊ दूर देशी होते त्यांनी येथे शेजाऱ्याला ओवाळले. कोजागरीला आपण आटीव दूध प्यावे आणि त्याच रात्री शेजारी लक्ष्मीपूजन असावे. आपल्या फराळाचे ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून पलीकडे जावे आणि सहाव्या दिवशी छठपूजेचा ठेकुआ घेऊन तेच ताट परत यावे. संक्रांतीला आपल्या तिळगुळाबरोबर गयेचे तिलकुट वाटले जावे आणि त्याच सुमारास गावोगावी टुसू परबाची गाणी चाललेली असावीत. अशा देवघेवीत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम येथे सर्व भाषांत पाळला जातो.

इथपर्यंत सारे गोडच आहे. परंतु चित्रे उलटी करून पाहिली आणि आमचे काम अवघड झाले. बहुतेक चित्रांच्या पाठी कोऱ्या होत्या. नाव नाही, साल नाही, घर कोणाचे ते नाही. एवढ्या जपून ठेवलेल्या वस्तूवर कोणीच काही लिहू नये याचे प्रथम नवल वाटले. मग एका कुटुंबाने गावाकडच्या नातेवाइकांकडून काही चित्रे मागवून दिली, तेव्हा कोडे सुटले. त्याच पंगतीची, त्याच रोलवरची ती दुसरी प्रत होती, आणि तिच्या पाठीवर निळ्या शाईत बारीक अक्षराने डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, बाळाचे वय, कोणता सण, जेवणात काय केले होते, हे सर्व लिहिलेले होते. खाली ‘बिहार’ असा पत्ता होता. झारखंड राज्य व्हायला तेव्हा, म्हणजे २००० सालाला, बराच अवकाश होता.

म्हणजे ही चित्रे मुळात पाठवण्यासाठी काढलेली होती. परमुलखात दिलेली लेक सणवार नीट करते आहे, तिच्या पंक्तीला दहा माणसे बसतात, ताटात मीठ वरच वाढलेले आहे, याचा पुरावा आईपर्यंत पोहोचवायचा होता. ज्या प्रतीला दूर जायचे होते तिच्यावर नावे लिहिली गेली. जी प्रत घरात राहिली तिच्यावर कोणी लिहिले नाही, कारण घरात सर्वांना सर्व माहीत होते. आज त्या ‘सर्वां’पैकी मोजकी माणसे आपल्यात आहेत, आणि येथे राहिलेली प्रत मुकी झाली आहे.

यावरून आम्ही त्या एका चित्राकडे येतो, ज्याच्यापुढे आम्ही सर्वांत अधिक वेळ बसलो. ते प्रदर्शनात डाव्या भिंतीवर तिसरे लावले आहे. होळीची पंगत आहे. साल साधारण १९६६. पाटांवर सात माणसे, पुढे तीन मुले. उजव्या कडेला, चित्राच्या चौकटीने कापलेला, एक हात आहे. हातात तुपाची लहान पळी आहे, आणि ती तिसऱ्या ताटातल्या पुरणपोळीवर नेमकी थांबली आहे. मनगटात बांगडी नाही.

आम्ही ते चित्र पाच-सहा घरांत नेले. पाटावरच्या सातही माणसांची नावे पहिल्याच घरात मिळाली. त्या हाताचे नाव कोणाला सांगता येईना. मात्र बांगडी नाही हे पाहताच एक आजी, ज्यांचे वय नव्वदीला टेकले आहे, चटकन म्हणाल्या, “अगं, या तर आत्याबाई!” आणि मग आठवणींचा बांध फुटला. आत्याबाई या त्या घरातल्या विधवा आत्या. लेकी-सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून रत्नागिरीकडून चार महिन्यांसाठी आल्या आणि वीस-बावीस वर्षे राहिल्या. सगळ्या वसाहतीत पुरण त्यांच्याकडून वाटून घ्यायचे. उकडीला चीर गेली तर त्यांना हाक मारायची. अनारसे जाळीदार होईनात तर पीठ त्यांना दाखवायचे. आज येथे बसलेल्या निदान चार घरांतल्या पुरणपोळीची चव मूळची त्यांची आहे. एवढे सर्वांना आठवत होते. त्यांचे नाव काय, हे कोणालाच आठवत नव्हते. सगळ्यांच्या त्या आत्याबाई होत्या. त्यांना नावाने हाक मारणारे माणूस या गावात नव्हतेच.

मग आम्ही त्या दृष्टीने सगळी चित्रे पुन्हा चाळली. त्या घरची तेवीस चित्रे आमच्याकडे आली होती. एकातही त्यांचा चेहरा नाही. एकात दाराआड लुगड्याचा काठ आहे, एकात जमिनीवर पडलेली सावली आहे, आणि होळीच्या या चित्रात हा हात. आम्ही त्या आजींना विचारले की त्यांना कोणी चित्रात बसवले नाही का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या सोवळ्यात असत. आणि त्या काळी, बाळांनो, तसं कुणाच्या मनातच येत नसे.”

यावर आम्ही न्यायाधीश होऊन बसणार नाही. पण जे दिसते ते सांगितले पाहिजे. या चित्रांतील पंगती बहुतांशी पुरुषांच्या आणि मुलांच्या आहेत. ही पहिली पंगत. बायकांची पंगत नंतर बसे, आणि तोवर ऊन उतरलेले असे, किंवा रोलवरचे चित्र संपलेले असे, किंवा कॅमेरेवाला जेवून पान खाऊन झोपलेला असे. ज्यांनी पहाटे चारला उठून पुरण शिजवले त्या चित्रात कडेला आहेत, अर्ध्या आहेत, वाकलेल्या आहेत, किंवा मुळीच नाहीत. आणि त्यांच्यातही ज्या विधवा होत्या, त्यांच्या वाट्याला कडही आली नाही. जुन्या पंगतींच्या आठवणी काढताना आपला गळा दाटून येतो. तो दाटून यावा. परंतु ती पंगत ज्यांच्या श्रमांवर उभी होती त्यांची नावे आपल्याला सांगता येत नसतील, तर ती आठवण अर्धीच आहे असे आम्हांला वाटते.

आत्याबाईंचे नाव शेवटी सापडले. ते कोणत्या आल्बममध्ये मिळाले नाही. त्या घराच्या नातवाने जुन्या कागदपत्रांची पिशवी उपसली, तीत एक रेशनकार्ड निघाले. साखर माणशी मिळत असे, म्हणून कार्डावर घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव आणि वय लिहावे लागे. सहाव्या ओळीत, कर्त्या पुरुषाची बहीण म्हणून, त्यांचे पूर्ण नाव होते. ज्या साखरेसाठी ते नाव लिहिले गेले त्या साखरेचे लाडू त्याच वळत असतील. ते नाव आम्ही येथे उच्चारत नाही, कारण कुटुंबाची तशी इच्छा आहे. पण चित्राच्या पाठीवर ते आता पेन्सिलीने लिहिले आहे, आणि त्यापुढे ‘तूप वाढणाऱ्या’ असे दोन शब्द घातले आहेत. त्या दिवशी त्या घरातील सुनेने चित्र देवघराजवळ नेऊन ठेवले. आम्ही काही बोललो नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण वेळ आपल्या बाजूने नाही. काळीपांढरी चित्रे चांदीच्या बारीक कणांनी बनलेली असतात. नीट धुतलेली असतील आणि दमटपणापासून जपली असतील तर ती पुष्कळ वर्षे टिकतात. रंगीत चित्रांचे तसे नाही. त्यांत पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कागदांवर त्यांतले निळसर द्रव्य अंधारात ठेवूनही आधी विटते. म्हणून आपल्या त्या काळच्या दिवाळ्या आज तांबूस दिसतात. आजोबांचे लग्न स्वच्छ दिसते आणि नातवाचे बारसे विटलेले दिसते, याचे कारण हे आहे. ज्यांच्याकडे अशी चित्रे असतील त्यांनी त्यांच्या प्रती यंत्रावर काढून घेण्यास विलंब करू नये. चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा कागद असलेले आल्बम एके काळी फार लोकप्रिय झाले. त्यांतला डिंक आणि ते प्लॅस्टिक दोन्ही चित्राला अपाय करतात. जुने काळ्या पानांचे, कागदी कोपऱ्यांत चित्र अडकवण्याचे आल्बम त्यापेक्षा पुष्कळ बरे होते. चित्राच्या पाठीवर लिहिताना बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. ज्या चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, ते चित्र पाकिटात घालून पाकिटावर लिहावे.

कोणी म्हणेल, आता खिशातल्या फोनवर हजारो चित्रे निघतात, मग ही चिंता कशाला? आम्हांला उलट वाटते. पूर्वी वर्षाला बारा चित्रे होती आणि नावे लिहायची राहिली. आता एका पाडव्याला शंभर निघतात आणि लिहिण्याची कल्पनाच उरलेली नाही. शिवाय ताटाचे चित्र वरून, एकट्या ताटाचे, काढण्याची पद्धत पडली आहे. त्यात श्रीखंड स्पष्ट दिसते. खाणारा दिसत नाही आणि करणाराही दिसत नाही. जुन्या चित्रात निदान हात तरी होता.

तेव्हा आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक घराने आपल्याकडच्या पंगतींची चित्रे घेऊन ज्येष्ठांसमवेत एक संध्याकाळ बसावे आणि नावे लिहून काढावीत. पाटावरच्यांची लिहावीत, आणि त्याहून आधी, स्वयंपाक कोणी केला ते विचारून लिहावे. दुसरी, पुण्याला, सांगलीला, नागपूरला, मुलाबाळांकडे परदेशी, जेथे कोठे आपले नातेवाईक असतील तेथे पत्र किंवा फोन करून विचारावे की आम्ही पाठवलेली चित्रे आहेत का, आणि असल्यास त्यांच्या पाठीवर काय लिहिले आहे. आपल्या या गावातल्या आयुष्याची नावनिशी कदाचित कोणा मावशीच्या कपाटात सुरक्षित असेल. तिसरी, जुनी रेशनकार्डे, मनीऑर्डरीच्या पावत्या, हळदीकुंकवाच्या याद्या, असले ‘निरुपयोगी’ कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मंडळाला दाखवावेत. त्यांत कोणाचे नाव निघेल सांगता येत नाही.

प्रदर्शनाच्या दाराशी टेबलावर पेन्सिली आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. ज्या चित्रांखाली ‘नाव ज्ञात नाही’ असे लिहिले आहे त्यांपुढे ज्येष्ठांसाठी खुर्च्या मांडल्या आहेत. त्यांनी सावकाश बसावे, घाई करू नये. तरुण मंडळींनी त्यांच्याजवळ उभे राहून ऐकावे आणि लिहून घ्यावे. एखादे नाव चुकीचे ठरले तरी चालेल, पेन्सिल खोडता येते.

आणि आजच्या भोजनाविषयी एक सूचना करून आम्ही थांबतो. सुवर्णमहोत्सवी पंगतीचे छायाचित्र निघणार आहेच. ते ताटे वाढल्यावर लगेच काढू नये. स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या आपल्या भगिनी, त्यांना मदत करणारे आपले बंधू, आणि भांडी घासायला आलेल्या मावश्या, या सर्वांना आधी बाहेर बोलवावे, पहिल्या ओळीत बसवावे, आणि मग चित्र काढावे. भात थोडा निवेल. त्या भाताची आजवर कोणाला सवय नाही असे नाही.

 आता प्रदर्शन पाहावे.